कपाटाचं पंडुम

"पंडुमबाई, या या, इकडं या. पाहुण्यायले सांगा बरं, तुमी त्या दिवशी मले काय विचारलं होतं."

ग्रंथपाल साहेब खुर्चीत मागं रेलून हाक मारायचे. समोर कोणीतरी बसलेलं असायचं. कधी दुसऱ्या कॉलेजचा प्राध्यापक, कधी पुस्तकांच्या दुकानाचा माणूस, कधी साहेबांचा साळा. टेबलावर चहाचे कप. मी पिशवी दाराशी ठेवून, हातात पुस्तकाच्या मागणीची चिठ्ठी घेऊन काउंटरवर उभी असायचे. हाक आली की आत जायचे. उभी राहायचे. आणि सांगायचे.

"मी इचारलं होतं, सर, या कपाटाचं पंडुम कवा हाये?"

साहेब तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत कॉमेडी पार्ट करायचे. वडशाच्या नाटक कंपनीबरोबर हिवाळाभर गावोगाव फिरलेले. कुठं थांबायचं, कुठं भुवई उडवायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माझं वाक्य झालं की ते जरा गप्प राहायचे. मग माझा आवाज काढून, मान वाकडी करून, तेच वाक्य पुन्हा म्हणायचे. पाहुणा हसून हसून डोळे पुसायचा. कोणी विचारलंच, की पंडुम म्हणजे काय, तर साहेब म्हणायचे, "यायच्या जंगलात आंबा खायचाबी मुहूर्त काढतेत. पोट्टीले वाटलं, पुस्तकाचाबी असन."

आणि मी पण हसायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी काही फार मोठी दिसणार नाही. दात दाखवून हसायचे. हसून झालं की चिठ्ठी पुढं करायचे. साहेब चिठ्ठी न बघता म्हणायचे, "ते कपाटातलं हाये. ते नाई भेटत." मग मी परत जायचे. वर्षभरात हा खेळ किती वेळा झाला ते सांगता येणार नाही. आता आठवलं की राग येतो, आणि त्यातला अर्धा राग माझ्या स्वतःच्या हसण्यावर आहे.

माझं गाव भामरागडच्याही पुढं, आत. पावसाळ्यात नद्या भरल्या की रस्ता बंद. आम्ही माडिया आदिवासी. घरात माडिया बोलतो, मराठी मी आश्रमशाळेत शिकले. कॉलेजचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीचे सुटतात. म्हणतात, तेच एक वाईट आहे, आमच्याकडं तसं नाही. तर एक मोठं कॉलेज, मोठ्या गावातलं. तिथं मी समाजशास्त्रात एम.ए.ला आले. आमच्या गावातून एवढं शिकायला कोणी मुलगी याआधी आली नव्हती. आई मला सोडायला आली होती. तिनं ग्रंथालयाची इमारत बाहेरूनच पाहिली. एवढी पुस्तकं आहेत तर सगळी वाचून ये, म्हणाली.

आता पंडुम काय ते सांगते. एकदाच, आणि कोणाला हसवायला नाही.

आमच्याकडं नवं काही आलं की ते लगेच तोंडात घालत नाहीत. आंब्याचं घ्या. झाडाला कैऱ्या लोंबत असतात, पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं, पण कोणी हात लावत नाही. गावचा पुजारी, त्याला आम्ही पेरमा म्हणतो, तो एक दिवस ठरवतो. त्या दिवशी सगळा गाव जमतो. आधी देवाला, मग गेलेल्या वाडवडिलांना आंबा देतात. मग सगळ्यांना. ज्याच्या शेतात आंब्याचं झाड नाही त्यालाही. म्हाताऱ्याला, आंधळ्याला, कालच लग्न होऊन आलेल्या सुनेला. त्याला पंडुम म्हणतात. थांबायचं असतं ते यासाठी, की कोणी एकट्यानं आधी ओरबाडू नये. पंडुम झालं की झाड मोकळं. मग कोणीही कुणाला विचारायचं नाही.

मी कॉलेजात आले त्याच महिन्यात ग्रंथालयात नवी पुस्तकं आली. काचेचं नवं कपाट आलं. कपाटाला लाल रिबीन बांधलेली, वर फुलासारखी गाठ. दाराला हळदीकुंकवाची बोटं. कपाटावर नारळ आणि उदबत्तीचं घर. कोणी मोठे पाहुणे उद्घाटनाला येणार होते. ते आले नाहीत. रिबीन तशीच राहिली. नारळ तसाच राहिला.

त्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर पिवळ्या पाठीचं जाड पुस्तक होतं. संशोधन पद्धती. मराठीतलं. पाच प्रती, एकाला एक लागून. आमचा एक पेपरच त्या विषयाचा होता, आणि शिकवणाऱ्या सरांनी पहिल्याच तासाला सांगितलं होतं की मराठीत हेच एक धड पुस्तक आहे, ग्रंथालयातून घ्या. मी काचेला नाक लावून बघितलं. रिबीन बघितली, नारळ बघितला, कुंकू बघितलं. आणि मला वाटलं, अच्छा, अजून व्हायचं आहे.

मी थांबले. मनापासून, शहाण्यासारखी थांबले. दर तीन-चार दिवसांनी जाऊन रिबीन सुटली का बघायचे. घाई केलेली मला बरी दिसली नसती. वर्गातली शबाना म्हणायची, "अगं माग ना त्यायले." शबाना गावातलीच, तिच्या अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. मी तिला म्हणायचे, थांब, व्हायचं आहे. ती माझ्याकडं बघत राहायची.

पहिल्या परीक्षेत त्या पेपरात मी नापास झाले. गाईड म्हणून एक पातळ पुस्तिका बाजारात मिळायची, ती पाठ करून गेले होते. एक मोठा प्रश्न होता, प्रश्नावलीचे दोष सांगा. पुस्तिकेत त्यावर दोन ओळी होत्या. मी दोन ओळी लिहिल्या आणि बाकी पान कोरं सोडलं.

निकाल लागल्यावर मी हिंमत करून ग्रंथपाल साहेबांसमोर गेले आणि ते वाक्य बोलले. मला खरंच तारीख हवी होती. मी पेन पण काढून ठेवला होता, हातावर लिहून घ्यायला.

साहेब आधी समजले नाहीत. समजल्यावर त्यांनी शिपायाला हाक मारली, काउंटरवरच्या बाईंना हाक मारली, वाचनालयातल्या पोरांना हाक मारली. "अरे या रे, ऐका रे." त्या दिवसापासून माझं नाव गेलं. ग्रंथालयाच्या कार्डावर माझं नाव होतं, आडनाव होतं, फोटो होता. पण काउंटरवरच्या बाईही म्हणायच्या, "पंडुमबाई, कार्ड दाखवा."

पुस्तक का मिळत नाही, ते मला शिपाई नामदेवभाऊंनी सांगितलं, तेही इकडं तिकडं बघून. "बाई, ते कमेटीसाठी हाये. कमेटी आली का दाखवाचं रायते. पोरायले देलं तर पानं मळतेत."

कमेटी म्हणजे कॉलेजची तपासणी करून दर्जा ठरवणारी मोठी माणसं. ती दर काही वर्षांनी येतात. तोवर पुस्तकं काचेत. नवी कोरी. कोणी न उघडलेली. मी समजत होते सगळ्यांना मिळायच्या आधीचं थांबणं आहे. ते कोणालाच मिळू नये म्हणून केलेलं कुलूप होतं. मी चुकले होते, हे कबूल. पण माझ्या चुकीवर हसणाऱ्या एकालाही कपाटाची लाज वाटली नाही, याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्या वेळीही मी त्याच पेपरात नापास झाले. आता वसतिगृहाचा नियम असा, की एका विषयात तीनदा नापास झालं की खोली सोडायची. खोली गेली की मी कुठं राहणार? परत गाव. एकदा गाव गाठलं की पावसाळ्यात कॉलेज चंद्रावर गेल्यासारखंच. म्हणजे माझं एम.ए. त्या पिवळ्या पुस्तकाला टांगलेलं होतं, आणि पुस्तक काचेपलीकडं हातभर अंतरावर होतं.

एक दिवस साहेबांच्या खोलीतून हसून बाहेर आले तर शबाना दाराशी उभी. तिनं सगळं पाहिलं होतं. ती मला हाताला धरून सायकल स्टँडपर्यंत घेऊन गेली.

"तू हसते काऊन?" ती म्हणाली.

"मंग काय रडू?"

"ते तुह्यावर हसून राह्यले. तूबी तुह्यावर हसून राह्यली. मंग तुह्या बाजूनं कोण हाये?"

मला तिचाच राग आला. चार दिवस बोलले नाही तिच्याशी.

मग तो हिवाळा आला. कमेटीची तारीख लागली. भिंतींना रंग, कुंड्यांना रंग, झाडांच्या बुडांना चुना. मुतारीत साबण. ग्रंथालयात 'शांतता राखा'च्या नव्या पाट्या लागल्या. आणि फॉर्म आले. 'ग्रंथालय सेवेबाबत विद्यार्थी समाधान.' वीस प्रश्न. पुस्तके वेळेवर मिळतात का. कर्मचारी सौजन्याने वागतात का. नवीन ग्रंथ उपलब्ध होतात का. प्रत्येकापुढं चार चौकटी. अत्यंत समाधानी, समाधानी, काही अंशी, असमाधानी. वरती लिहिलेलं, नाव लिहिणे ऐच्छिक.

वर्गात फॉर्म वाटायला साहेब स्वतः आले होते. म्हणाले, "पयल्या चौकटीत टिक करा. पण सगळेच्या सगळे पयल्या चौकटीत नोका करू, खोटं वाटते. दहातले दोन दुसऱ्या चौकटीत टाका. बाकीच्या दोन चौकट्या तुमच्यासाठी नाई." मागच्या बाकावर पोरं फिदीफिदी हसली. फॉर्म पटापट भरून झाले, कारण दुपारी क्रिकेटचा सामना होता.

तेवढ्यानं भागलं नाही. अर्धी पोरं कॉलेजात येतच नव्हती. त्यांचे फॉर्म कोण भरणार? माझं अक्षर चांगलं. साहेबांनी मला बोलावलं. त्या दिवशी पंडुमबाई म्हणाले नाहीत, बेटा म्हणाले.

"बेटा, एवढे भरून दे. येगयेगळ्या पेनानं भर. काही डाव्या हातानं टिक कर. कमेटी गेली का ते पुस्तक तुह्या नावावर देतो. सबंद महिन्यासाठी."

मी भरले. वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून चाळीस फॉर्म भरले. निळा पेन, काळा पेन, डावा हात, उजवा हात. कर्मचारी सौजन्याने वागतात का? अत्यंत समाधानी. नवीन ग्रंथ उपलब्ध होतात का? अत्यंत समाधानी. समोर ते कपाट. मी चाळीस वेळा समाधानी झाले. दहातले दोन मोजून दुसऱ्या चौकटीत टाकले, अगदी इमानदारीनं. नामदेवभाऊंनी चहा आणून दिला. मी तो प्यायले. आता तो चहा आठवला तरी तोंड कडू होतं.

कमेटी आली त्या सकाळी रिबीन निघाली. नारळ खाली घेतला तर आतून सुकून खुळखुळत होता. नामदेवभाऊंनी तो खिडकीबाहेर टाकला. कपाट उघडलं. साहेबांनी पिवळं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं, मधल्या टेबलावर, पंख्याखाली, दारातून थेट दिसेल अशा खुर्चीवर मला बसवलं. "वाचल्यासारखं कर," ते म्हणाले. शबानालाही बसवलं होतं, तिच्या हातात इंग्रजी मासिक.

वाचल्यासारखं कर. दीड वर्ष ज्या पुस्तकासाठी मी वेडीपिशी झाले, ते हातात देऊन मला सांगितलं, वाचल्यासारखं कर.

मी वाचलं. पानं एकमेकांना चिकटलेली, कोरा वास. अनुक्रमणिका बघितली आणि थेट प्रश्नावलीच्या प्रकरणावर गेले. कमेटीला उशीर झाला. पाऊण तास मिळाला मला. सोपं होतं सगळं. इतकं सोपं, की मला रडू यायला लागलं. प्रश्नावलीचे दोष. प्रश्न असा विचारू नये की त्यातच उत्तर असेल. उत्तर देणाऱ्याच्या डोक्यावर कोणी उभं असू नये. त्याला भीती वाटत असेल, काही मिळायची आशा असेल, तर ते उत्तर कामाचं नाही. आणि माहिती गोळा करणाऱ्यानं घरी बसून स्वतःच फॉर्म भरले, तर तो अभ्यास नाही, ती फसवणूक आहे.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. परीक्षेत मी हेच पान कोरं सोडलं होतं. आणि तो दोष आता खुर्चीवर बसून स्वतःबद्दल वाचत होता. मला माझ्या उजव्या हाताची किळस आली, डाव्याची पण आली.

तेवढ्यात कमेटी आली. तीन जण. प्राचार्य पुढं, साहेब बाजूला. कमेटीतल्या मॅडम माझ्या टेबलाशी थांबल्या. चांगल्या दिसत होत्या, आवाज मऊ होता.

"काय वाचतेस, बेटा? समाधानी आहेस ना ग्रंथालयाबद्दल?"

माझ्या आधी साहेब बोलले. "अत्यंत समाधानी, मॅडम. भामरागडची आहे. रोज इथे असते. आमची पंडुमबाई." आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते आलं. भुवई उडाली. मान जराशी वाकडी झाली. "पंडुमबाई, सांगा बरं मॅडमला, तुम्ही मला काय विचारलं होतं."

सगळे माझ्याकडं बघत होते. प्राचार्य आधीच हसत होते, त्यांना गोष्ट माहीत होती. मॅडमनी हसायची तयारी केली होती. माझेही ओठ सवयीनं फाकले. हे मी खोटं सांगणार नाही. ओठ फाकले होते. मग मी समोर बघितलं, तर शबाना मासिकावरून माझ्याकडं बघत होती, आणि ती हसत नव्हती.

मी तोंड मिटलं. उभी राहिले.

"मॅडम, मी इचारलं होतं, या कपाटाचं पंडुम कवा हाये. आमच्याकडं नवं आलं का पंडुम करतेत, अन् मंग सगळ्या गावाले देतेत. इथी दीड वर्ष झालं, कोणालेच देलं नाई. हे पुस्तक आज पयल्यांदा माह्या हातात आलं. तुमी गेल्या का हे आत जाईन. याच्यापायी मी दोनदा नापास झाली."

कोणी हसलं नाही. मला वाटलं आता गप्प बसावं. पण हात जळत होते.

"अन् ते फॉर्म हायेत ना, त्यातले चाळीस मी भरले. डाव्या हातानं बी भरले. त्या पोरायनं ते पाह्यले बी नाई."

साहेबांचा चेहरा आधी तसाच राहिला, भुवई उडालेली. मग ती खाली आली. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, ही मुलं भोळी असतात, त्यांना नीट कळत नाही." मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मऊ हात.

"आम्ही नोंद घेतो हं," त्या म्हणाल्या. आणि पुढं गेल्या. पुढच्या खोलीत जेवण लावलेलं होतं. जाताजाता त्या दुसऱ्या सदस्याला म्हणाल्या ते मी ऐकलं. "पंडुम! हाऊ स्वीट ना?"

मला वाटत होतं त्या मोठ्या माणसांना खरं कळलं की काहीतरी होईल. शंभर किलोमीटर आतल्या आश्रमशाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं, की वरच्यांना कळत नाही म्हणून होतं, कळलं की ते करतात. त्यांना कळलं. त्यांनी पनीरची भाजी खाल्ली आणि गेले. कॉलेजला चांगला दर्जा मिळाला. फाटकावर त्याचा फलक लागला.

जेवणं चालू असताना साहेब परत आले. माझ्या हातातलं पुस्तक धरलं. मी सोडलं नाही.

"माह्या नावावर चढवा," मी म्हणाले. "तुमी शब्द देला होता."

"सोड."

"चढवा."

तेव्हा ते हळू आवाजात बोलले. नाटकातला आवाज नव्हता तो. पहिल्यांदाच मी त्यांचा खरा आवाज ऐकला. "तुह्यासारखीले इथी खुर्चीवर बसू देलं, हेच आमचं चुकलं."

पुस्तक त्यांनी ओढून घेतलं. ते कपाटात गेलं. कुलूप लागलं. रिबीन फेकून दिलेली होती, म्हणून आता नुसतं कुलूप.

मी काउंटरवर गेले. एक कोरा फॉर्म मागितला. बाई म्हणाल्या, संपले. खोटं. गठ्ठा समोर दिसत होता. मी हात घालून एक उचलला. त्यांच्यासमोर उभं राहून भरला. वीस प्रश्न, वीस खुणा, सगळ्या चौथ्या चौकटीत. नाव लिहिणं ऐच्छिक होतं. मी लिहिलं. आडनाव लिहिलं. गाव लिहिलं. शबानानं माझ्या हातातून पेन घेतला आणि दुसरा फॉर्म उचलला.

नामदेवभाऊ बघत होते. त्यांनी दोन्ही फॉर्म घेतले आणि गठ्ठ्यात, बरोबर मधे घातले.

तिसऱ्या वेळेला मी पेपर दिला. प्रश्नावलीचे दोष पुन्हा आले. मी चार पानं लिहिली. पास झाले. खोली वाचली. लोकांनी पेढे मागितले, पण मला आनंद झाला नाही. मला किळस आली. पाऊण तास. एवढंच लागत होतं. पाऊण तासाचं वाचन माझ्यापासून दीड वर्ष कुलपात ठेवलं, आणि वरून मला मठ्ठ ठरवून हसले. माझ्यासारखे किती असतील, जे दुसऱ्याच नापासाला बॅग भरून परत गेले, आणि आपण मठ्ठच आहोत असं समजून आज जंगलात तेंदूपत्ता तोडताहेत.

आता शेवटचं सत्र आहे. त्यात छोटा शोधप्रबंध लिहावा लागतो. मार्गदर्शक सरांनी मला बोलावलं. साधा माणूस आहे, वाईट नाही. म्हणाले, "तू तुमच्या समाजावर कर. पंडुम घे. तुला सोपं जाईल. बाहेरचे लोक वाचतातही आवडीनं."

मी म्हणाले, "सर, पंडुम मला माहीत आहे. त्यावर शोध कशाला करायचा? मला जे कळत नाही त्यावर करते."

आणि विषयाच्या कागदावर लिहिलं: आमच्या महाविद्यालयातील ग्रंथालय सेवेबाबत विद्यार्थ्यांचे समाधान, एक अभ्यास.

सरांनी कागद वाचला. "हा मंजूर होणार नाही," म्हणाले.

नाही झाला. मी पुन्हा तोच दिला. पुन्हा परत आला, पुन्हा तोच दिला. सध्या तिसऱ्यांदा तो कुठल्या तरी टेबलावर आहे. तोवर मी थांबलेली नाही. थांबायचं ते मी एकदा थांबले. रोज संध्याकाळी मी आणि शबाना कॉलेजातल्या एकेका मुलीला भेटतो. वसतिगृहाच्या खोलीत, बसस्टँडवर, तिच्या अब्बांच्या दुकानामागं. आडोशाला, एकेकीलाच. डोक्यावर कोणी उभं नाही. नाव लिहीत नाही. पहिला प्रश्न एकच: कपाटातलं पुस्तक तू कधी हातात घेतलंस? पोरी आधी हसतात. मग बोलतात. वही भरत चालली आहे.

आमच्या गावात दरवर्षी कोणी ना कोणी वही घेऊन यायचं. आमचे देव विचारायचे, आमचं लग्न विचारायचे, आजीच्या गोंदणाचे फोटो काढायचे. आम्ही उभे राहून उत्तरं द्यायचो, ते बसून लिहायचे. आज मी वही घेऊन ग्रंथपाल साहेबांच्या खोलीत गेले.

"सर, तुमची मुलाखत पाहिजे. ग्रंथालयाबद्दल. तुमचं नाव येणार नाई, घाबरू नोका. खरं सांगा."

समोर त्यांचा साळा बसला होता. त्याला वाटलं, नेहमीचा खेळ सुरू होतो आहे. त्यानं हसायला तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि मिटलं.

"मले येळ नाई," साहेब म्हणाले.

"असू द्या. येळ होतवर बसते."

वर्षभर त्या खोलीत मी उभी होते. मी खुर्ची ओढली. बसले. वही उघडली, तारीख टाकली, आणि लिहिलं: उत्तर देण्यास नकार. उद्या अकराला पुन्हा जाणार आहे. परवाही जाईन. उत्तर मिळेपर्यंत मी आता रोज त्या खुर्चीवर बसणार.